कुंपणावरच्या वेलीला हात लावू नकोस

न्यू जर्सी,
२० मे

प्रिय बंड्या,

जूनमध्ये तू मुलीकडे पेन्सिल्व्हेनियात येतोयस आणि आल्या आल्या तिच्या मागच्या अंगणातलं रान साफ करणार आहेस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तुझे हात स्वस्थ राहायचे नाहीत, मला ठाऊक आहे.

इथे पॉयझन आयव्ही नावाची वेल असते. गेल्या वर्षी माझ्या कुंपणावर चढलेली मी उघड्या हातांनी ओढून काढली. त्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत रेघा ओढल्यासारखे ओळीने फोड! जिथे जिथे देठ घासला होता, तिथे तिथे रेघ. खाज अशी की रात्र रात्र डोळा लागेना. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या आणि पुरळ पुन्हा उसळलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी तीन आठवडे हळूहळू कमी करत दिल्या, तेव्हा कुठे बसलं.

तुला एवढं बजावतोय, कारण लहानपणी आंब्याच्या चिकाने तुझं तोंड कसं उतलं होतं ते मी विसरलेलो नाही. आंबा, काजू, बिब्बा आणि ही वेल, सगळी एकाच कुळातली. हिच्या पानात, देठात, मुळात उरुशिऑल नावाचं तेल असतं. आंब्याच्या सालीत आणि बिब्ब्यात त्याचेच भाऊबंद. तुझ्या कातडीची मला खरंच काळजी वाटते.

ओळखायची कशी? पळसासारखी पानं तीनच. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूच्या दोघांचे अगदी आखूड. कोवळी पानं तांबूस, चकचकीत. पुढे हिरवी, आणि पानगळीच्या दिवसांत लालभडक, मोह पडावा अशी. जुनी वेल झाडावर चढली की काथ्याच्या दोरीसारखी केसाळ दिसते. थंडीत पानं झडली तरी त्या दोरीत तेल असतंच. पाच पानांची वेल दिसली तर ती वेगळी.

हात लागलाच, तर चहा प्यायला बसू नकोस. पहिल्या दहा मिनिटांत धू. वर्कशॉपमध्ये ग्रीसचे हात धुवायचो ना, तसे: भांड्यांचा साबण, भरपूर गार पाणी, फडक्याने चोळून, नखांच्या खाचांसकट. कपडे, कोयता, चपला, सगळं धू. मी बुटाच्या नाड्या विसरलो आणि दोन आठवड्यांनी त्याच बोटांवर पुन्हा फोड आले. फोडातल्या पाण्याने मात्र ते पसरत नाही, पसरतं ते राहिलेल्या तेलाने. खाजेला गार पाण्याच्या पट्ट्या आणि कॅलामाइन. तोंडावर किंवा डोळ्यांपाशी उठलं तर थेट डॉक्टर.

आणि एक, हात जोडून सांगतो. उपटलेली वेल पेटवू नकोस. पालापाचोळा जाळायची आपल्याला सवय, पण हिच्या धुरातून ते तेल छातीत जातं, श्वास कोंडतो.

जूनच्या पहिल्या शनिवारी मीच गाडी घेऊन येतो. लांब बाह्यांचे जुने सदरे, जाड हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं आणतो. पाऊस पडून माती ओली असली तर मुळासकट निघेल. तोवर कुंपणाकडे फिरकू नकोस आणि नातवालाही जाऊ देऊ नकोस.

तुझा,
अण्णा