दूध बदलण्याआधी शी पाहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

तान्ह्या बाळाच्या पोटाची तक्रार घेऊन आई दवाखान्यात आली की सगळ्यांत पटकन मिळणारा सल्ला म्हणजे 'दूध बदलून बघा'. जुलाब झाले, दूध बदला. रडतंय, दूध बदला. डब्यावर डबे फिरतात आणि तेवढ्यात आईचं दूध आटतं. निदानाशिवाय दूध बदलू नये, अशी लेखी सूचना आपल्या खात्याने काढावी, ही आमची मागणी.

लॅक्टोजचंच, म्हणजे दुधातल्या साखरेचंच घ्या. ते पचवणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच नसणं अत्यंत दुर्मीळ. बहुतेक बाळांना त्रास होतो तो जुलाबानंतर, आतड्याचं अस्तर दुखावल्यामुळे, आणि अस्तर भरून आलं की तो निवळतो. तरीही शीतली साखर तपासायला सर्रास सांगितलं जातं, आणि ती तपासणी होते चुकीची. साखर शीच्या पाण्यात असते, डायपर ते पाणी शोषून घेतो, प्रयोगशाळेत जातो उरलेला घट्ट गोळा. नमुना तासन् तास पडून राहिला तर जंतूच साखर संपवतात. म्हणून डायपरची प्लास्टिकची बाजू आत करून पातळ भाग गोळा करावा आणि लगेच तपासावा. उलट अंगावर पिणाऱ्या ठणठणीत बाळाच्या शीतही थोडी साखर आणि आंबटपणा सापडतो. तेवढ्यावरून स्तनपान तोडणं म्हणजे आजार नसताना उपचार.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हा वेगळाच आजार. तिथे लॅक्टोजमुक्त डबा कुचकामी, कारण प्रथिनं तीच असतात. शेळीच्या दुधातली प्रथिनंही इतकी मिळतीजुळती की तेही चालत नाही. शीमध्ये रक्ताचे धागे दिसणाऱ्या, उशिरा लक्षणं देणाऱ्या प्रकारात रक्ततपासणीने काही कळत नाही. खरी चाचणी दोन टप्प्यांची: 2 ते 4 आठवडे दुधाची प्रथिनं पूर्ण बंद (बाळ अंगावर पीत असेल तर आईच्या ताटातून, तिला कॅल्शियम देऊन, वरचं दूध घेत असेल तर बारीक तोडलेल्या प्रथिनांचं दूध), आणि मग तेच पुन्हा देऊन पाहणं. दुसरा टप्पा हमखास गाळला जातो. बाळ बरं झालं, मग कशाला छेडायचं? पण पोटदुखीची रडारड तीन-चार महिन्यांत तशीही ओसरते, आणि श्रेय डब्याला मिळतं. दुधाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर मात्र ही चाचणी रुग्णालयातच व्हावी.

साधं दूध बाहेर टाकणं बहुतेकदा वर्षभरात थांबतं. वजन वाढत असेल तर आम्ल कमी करणारी औषधं नकोत. हिरवी उलटी मात्र आतड्याला पीळ पडल्याची खूण असू शकते. तिथे तासांचा हिशेब असतो.

या सगळ्या गोंधळात जे बाळ खरोखर हातचं जातं, त्याची तक्रार दुधाची नसतेच. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आहे आणि शी पांढुरकी होते आहे, तर पित्तनलिका बंद असू शकतात. 'आईच्या दुधाची कावीळ' म्हणून थांबवून ठेवलेल्या अशा बाळाचं नुसतं एकूण बिलिरुबिन (कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) पाहून भागत नाही, डायरेक्टचा, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेल्या भागाचा, आकडा वेगळा हवा. तो डेसिलिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर गेला की त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावं. आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया जन्मानंतर 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच जास्त असते.

तैवानने 2004 पासून देशभर मुलांच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड दिलं. आपल्या माता-बाल पुस्तिकेतही ते एक पान हवं, आणि 14व्या दिवसानंतरही पिवळ्या दिसणाऱ्या प्रत्येक बाळाची डायरेक्ट बिलिरुबिन तपासणी मोफत. कार्डाची छपाई तेवढी मूळ रंगांशी ताडून घ्या. झेरॉक्सवर पिवळा आणि पांढुरका सारखेच दिसतात.

आपले,
बालरोग व शिशुपोषण क्षेत्रातील कार्यकर्ते