वेण्णेतल्या शोधाची बातमी मेढ्याला कधी कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावरच्या विज्ञान महाविद्यालयांच्या बातम्या मी न चुकता वाचतो. पदवीदान, प्राचार्यांचा सत्कार, २८ फेब्रुवारीचं विज्ञान प्रदर्शन, शाल-श्रीफळ आणि व्यासपीठावरची रांग. त्याबद्दल तक्रार नाही. ज्यांच्या घरातलं पोर त्या फोटोत असतं, त्यांना ती मोठीच बातमी असते. पण त्याच महाविद्यालयातल्या मंडळींनी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, किंवा ओढ्यात काही नवं शोधलं, तर त्याला चार ओळी मिळतात. त्यात लॅटिन नाव असतं, परदेशी नियतकालिकाचं नाव असतं. गावाचं नाव नसतं.

मी जावळी तालुक्यात २८ वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी फळ्यावर लिहायचो, ‘जेलीफिश : समुद्रात राहणारा प्राणी’. वेण्णा नदी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. निवृत्तीनंतर एका व्याख्यानात ऐकलं, की गोड्या पाण्यातला जेलीफिश याच वेण्णेत मेढ्याजवळ आणि पलीकडे कोयनेत तांबीला सापडला होता, तोही १९११ च्या सुमारास! शोधणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर, मूळचे मालवणचे, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले, तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेले. उन्हाळ्यात नदीची धार तुटून डोह उरतात, त्या डोहात हा पारदर्शक, छत्रीसारखा इवला जीव. त्याचे भाऊबंद तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते. म्हणून १९१२ साली लंडनच्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने या शोधाची दखल घेतली. लंडनला कळलं, मेढ्याच्या शाळेला कळलं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांना मी अर्धवट शिकवलं, ही रुखरुख मनातून जात नाही.

हेच आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली तेव्हा तिचे पहिले संचालक. आज तिची संशोधन संस्था त्यांच्याच नावाने चालते. पुण्यात त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे. वेण्णेच्या काठावर मात्र साधी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण आजही तेच चाललं आहे. कासच्या पाण्यात वाढणारा वायतुरा बघायला हजारो लोक येतात. दोन फाट्यांचा तो गुलाबी तुरा जगाला नवीन वनस्पती म्हणून माहीत झाला १९८२ साली, आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘सातारेन्सिस’ आहे, म्हणजे आपला सातारा. किती सातारकरांना हे ठाऊक आहे? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षं काम केलं, दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवून जपल्या. या फुलाची करामत सांगितली तर सहावीतलं पोरही डोळे मोठे करून ऐकेल. वास घेऊन चिलटं फुलाच्या नळीत उतरतात, आतले केस खाली वळलेले असल्याने परतीची वाट बंद. फूल कोमेजू लागलं की केस सुकतात आणि चिलटं पराग घेऊन सुटतात. ज्यांच्या सड्यावर हे उगवतं त्या घरांत याचे कंद उकरून खायची रीत आहे. फुलाची ही गोष्ट तिथे पोचली, तर कंद जमिनीत राहतील. नुसत्या बंदीच्या फलकाने ते होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून दोन मागण्या. महाविद्यालयांनी प्रत्येक शोधनिबंधाबरोबर पानभर मराठी टिपण लिहावं आणि ते आधी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत वाचावं. संशोधक ज्या गुराख्याला वाट विचारून वर गेले, त्याचे आभार इंग्रजीत मानून काय उपयोग? आणि आपण ते टिपण सत्काराच्या बातमीइतक्याच जागेत छापावं. जमल्यास ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ यांची गल्लतही थांबवावी. मराठी विश्वकोशात हे दोन शब्द वेगळ्या अर्थांनी आहेत (जाती म्हणजे ‘स्पीशीज’, प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, ‘जीनस’), बातम्यांत मात्र सरसकट ‘नवी प्रजाती’.

एक काळजी मात्र घ्यावी. दुर्मीळ झाडाची नेमकी जागा, नकाशा, पायवाट छापू नये. कासला काय गर्दी उसळते ते आपण पाहतोच, आणि कंद-ऑर्किड उपटून नेणारेही कमी नाहीत. तालुक्याचं नाव पुरे. गावाला जागा माहीतच असते. तिचं मोल तेवढं त्याला सांगायचं राहिलं आहे.

असा मजकूर आपण छापणार असाल, तर इंग्रजी निबंध सोप्या मराठीत आणायचं काम मी विनामोबदला करीन. पहिलं टिपण वेण्णेतल्या जेलीफिशवर लिहून तयार आहे, सोबत जोडलं आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. सातारा