नागपूरचं ऊन जिनिव्हाला न्या, गडकरी साहेब

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शून्य-उत्सर्जन वाहनांच्या जाहीरनाम्यावर भारतानं सही केली. प्रमुख बाजारपेठांत २०३५ पर्यंत आणि जगभर २०४० पर्यंत विकली जाणारी प्रत्येक नवी कार धुराविना चालणारी असावी, असा तो जाहीरनामा. आपल्यासारख्या देशांसाठी त्यात मुदत नव्हती, वेग वाढवण्याचं वचन होतं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. २०२० मध्ये ब्रिटनच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या शून्य-उत्सर्जन वाहनांच्या मंत्रिपरिषदेतही भारत आहे. तिथे बसायला जागा मिळाली आहे, तर आपण मागायचं काय, एवढ्यासाठी हे पत्र.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवलं, आता निवृत्त आहे. माझे कितीतरी विद्यार्थी आज ई-रिक्षा आणि ई-स्कूटर दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानांत जाऊन बसतो तेव्हा उन्हाळ्यात एकच वाक्य ऐकू येतं, "बॅकअप गेला." सकाळी पूर्ण चार्ज केलेली रिक्षा दुपारी इतवारी बाजारात थांबते. फास्ट चार्जिंगला लावावी तर बॅटरीचा पॅक आधीच तापलेला, त्यामुळे चार्जिंगचा वेग आपोआप कमी होतो. फुगलेले सेल, जळालेले कंट्रोलर, आणि समोर बसलेला मालक, ज्याच्या दिवसाच्या कमाईचा तो प्रश्न असतो.

२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथं पंचेचाळीस अंश ही बातमी राहिलेली नाही. बॅटरीशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की सेलची झीज करणाऱ्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात. आणि युरोपात गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये ती किती धावते हे, मोजतात ते २३ अंशांना.

हे नियम ठरतात जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांच्या जागतिक मंचावर. भारत त्याच्या १९९८ च्या कराराचा सदस्य आहे. २०२२ मध्ये तिथं विजेवर चालणाऱ्या कारच्या बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक नियम मंजूर झाला: पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरनंतर बॅटरीची किमान ८० टक्के ऊर्जा शिल्लक हवी, आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरनंतर ७० टक्के. शिवाय बॅटरीची तब्येत मालकाला गाडीतच कळली पाहिजे. हा फार चांगला नियम आहे. मोबाइलमध्ये दिसते तशी आकडेवारी गाडीत दिसली, तर विक्रेत्याच्या शब्दावर कुणाला विसंबून राहावं लागणार नाही.

पण तो लागू होतो कार आणि हलक्या व्हॅनना. दोनचाकी आणि तीनचाकी त्यात नाहीत. आपल्याकडचा बदल तर त्यांच्यावरूनच होतो आहे! २०२३ मध्ये भारतानं चीनला मागे टाकलं आणि विजेच्या तीनचाकींची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ बनला. आज इथं विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त विजेवरच्या आहेत. जगातल्या सर्वांत गरीब चालकांच्या हातात असलेलं वाहनच जागतिक नियमाबाहेर राहिलं आहे, आणि त्यासाठी भांडायला भारताइतका योग्य देश दुसरा नाही.

बॅटरी टिकण्यावर कर्जही अवलंबून असतं, हे दुकानात बसल्याशिवाय लक्षात येत नाही. तीन वर्षांनी पॅकमध्ये किती जीव उरेल हे बँकेला माहीत नसतं. मग व्याज चढतं, नाहीतर कर्जच मिळत नाही, आणि रिक्षावाला सावकाराकडे जातो किंवा स्वस्तातली लेड-ॲसिड बॅटरी घेतो. टिकाऊपणाचा विश्वासार्ह नियम आला तर जुनी रिक्षा विकताना भाव मिळेल आणि नवी घेताना कर्ज. अनुदानाच्या एखाद्या हप्त्यापेक्षा याचा उपयोग जास्त दिवस होईल.

म्हणून माझी मागणी अशी. दोनचाकी-तीनचाकींच्या बॅटरीचा टिकाऊपणा मोजणारा जागतिक नियम भारतानं जिनिव्हात स्वतः मांडावा. त्यात कडक उन्हातली चाचणी असावी: उभ्या गाडीचीही, कारण रिक्षा दुपारभर स्टँडवर उन्हात तापते. आपल्या तीनचाकी आफ्रिकेत जातात, पश्चिम आफ्रिकेतल्या मोटारसायकल टॅक्सी विजेवर येऊ लागल्या आहेत, आखाती देशांतलं ऊन आपल्याला माहीत आहे. ही सगळी मंडळी या कामात आपली भागीदार होऊ शकतात. आजवर नियम थंड देशांनी लिहिले. उष्ण देश एकत्र बसून लिहितील तो नियम सगळ्यांच्याच कामी येईल.

आणि चाचणीची जागा नागपूर असावी. पुण्यात वाहन संशोधन संस्था आहेच, पण हे हवामान तिथं नाही. इथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी उन्हाळी चाचणी केंद्र उभारावं, तिथली मोजमापं भागीदार देशांना मोफत द्यावीत आणि त्यांची आपण घ्यावीत. एकट्या कंपनीच्या कपाटात बंद राहणारी माहिती कुणाच्याच उपयोगी येत नाही.

एकट्यानं हे होणार नाही, हे एप्रिल २०२५ मध्ये दिसलंच. चीननं विजेच्या मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली आणि आपल्या वाहन कारखान्यांची धावपळ झाली. अर्जेंटिनातल्या लिथियमसाठी २०२४ मध्ये आपण करार केला, तो शहाणपणाचा. पण खनिज कितीही आणलं आणि उन्हात त्याची बॅटरी दोन वर्षांत बसली, तर तेच खनिज पुन्हा आणावं लागेल. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या ट्रकांसाठीही हेच खरं. ई-ट्रकला नऊ लाख साठ हजारांपर्यंत अनुदान देणारी योजना आली आहे, त्यांचे पॅक तर रिक्षापेक्षा कितीतरी मोठे आणि महाग.

आणखी एक. २६ मे २०१७ ला, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, देशातला पहिला बहुविध (टॅक्सी, बस, रिक्षा अशा वाहनांचा) विद्युत वाहन प्रकल्प याच शहरात सुरू झाला. आपण तेव्हा हजर होतात. वर्ष व्हायच्या आत चार्जिंगच्या रांगांना कंटाळून चालक टॅक्सी परत करू लागल्याच्या बातम्या आल्या. त्या प्रयोगातून काय कळलं, कोणत्या गाडीनं उन्हात किती तग धरला, चार्जरला किती वेळ लागला, ते सगळं एका अहवालात लोकांसमोर ठेवायला अजूनही उशीर झालेला नाही. उष्ण देशांशी बोलायला सुरुवात करताना तोच आपला पहिला कागद असावा.

त्यांच्या तज्ज्ञांना बोलवाल तेव्हा मात्र हिवाळी अधिवेशनाच्या गुलाबी थंडीत बोलवू नका. मे महिन्यात बोलवा, आणि दुपारी दोन वाजता इतवारीतल्या रिक्षा स्टँडवर घेऊन या.

आपल्या मतदारसंघातला
एक निवृत्त शिक्षक, नागपूर