प्रोजेक्टर कपाटातून काढा

महोदय,
फेब्रुवारीत विद्यार्थी म्हणून बर्लिन चित्रपट महोत्सवाला जाऊन आलो. गावी हरभरा सोंगणीला आलेला, तिकडे हातमोज्यातही बोटं बधिर. लक्षात राहिला तो मुलांचा विभाग. १९७८ पासून चालतो. परभाषेतल्या चित्रपटाचे संवाद एक जण सभागृहातच माइकवरून जर्मनमध्ये वाचतो. शेजारची सात-आठ वर्षांची पोरगी पाय हलवत ऐकत होती. क्रिस्टल बेअर हे बक्षीसही मुलांचीच ज्युरी ठरवते. २०१४ मध्ये त्यांनी आपल्या 'किल्ला' या मराठी चित्रपटाला ते दिले, हे मला तिथे गेल्यावर कळले! आमच्या तालुक्यातल्या टॉकीजमध्ये आता लग्नं लागतात. गावच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, पण कपाटात, कुलूपबंद. महिन्यातून एक शनिवार तरी तो बाहेर काढावा. पडद्यासाठी पांढरी चादर मी देतो.

– एक विद्यार्थी, जि. वर्धा