मंत्रिमहोदय, मुलांना उत्तर देता येईल असा मेसेज पाठवा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका मुलांच्या वसतिगृहाचा मी रेक्टर. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री दीडला दारावर थापा पडल्या. सेकंड इयरचा एक मुलगा उठत नव्हता. मित्रांनी त्याला उताणा निजवून कपाळावर ओला रुमाल ठेवला होता आणि उलटी घशाशी आली होती. कुशीवर वळवला, रिक्षात घातला, वाचला. दुसऱ्या दिवशी विचारलं, किती घेतली होतीस? "जास्त नाही सर, एक क्वार्टरच."

तो "च" माझ्या डोक्यातून जात नाही. क्वार्टर म्हणजे 180 मिली. 42.8 टक्क्यांच्या दारूच्या 30 मिलीत सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे क्वार्टरमध्ये 60. एका बैठकीत 60 ग्रॅम झालं की जागतिक आरोग्य संघटना ते अतिपिणं धरते. 650 मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर मुलं "एक" मोजतात, त्या एकात 40 ग्रॅम असतं. हा हिशेब त्यांना कोणी सांगितलेलाच नाही. आम्ही दर 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, व्यसनमुक्तीची शपथ देतो आणि पोस्टर स्पर्धा घेतो. एका वर्षीच्या बक्षीसवाल्याला मीच रात्री दंडाला धरून जिना चढवलाय.

अमेरिकेत पिट्सबर्गला एक प्रयोग झाला. दवाखान्याच्या इमर्जन्सीत आलेली 18 ते 25 वयाची, धोक्याइतकं पिणारी 765 मुलंमुली घेतली. काहींना 12 आठवडे दर गुरुवारी मेसेज जायचा: शनिवार-रविवारी प्यायचा बेत आहे का? असेल तर कमी घ्यायचं ठरवतोस का? रविवारी पुन्हा: किती झाली? आणि येईल त्या उत्तराप्रमाणे पुढचा मेसेज. या गटाचं पिणं थोडं उतरलं. चमत्कार नाही, पण उतरलं. दुसऱ्या गटाला नुसतंच "किती घेतली" विचारलं आणि उत्तरावर कोणी काही बोललं नाही. त्यांचं उतरलं नाही.

आमचे मेसेज तर विचारतही नाहीत. फी भरा, फॉर्म भरा, व्यसनापासून दूर राहा, सगळं एकाच सुरात, आणि ज्या नावाने ते येतात त्यावर उत्तर पाठवायची सोयच नसते. देवनागरीत एका एसएमएसला 70 अक्षरं मिळतात, काना-मात्रे धरून. तेवढ्यात सुविचार कोंबण्यापेक्षा हे लिहा: "क्वार्टर म्हणजे 6 लहान पेग. आज किती? आकडा पाठव." आणि मित्रांसाठी एक: "उठत नसेल तर कुशीवर वळव, 108 ला फोन कर."

आता खरी अडचण. आपल्या राज्यात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. माझी बहुतेक मुलं 18 ते 20 ची. कॉलेजच्या नंबरवर खरा आकडा लिहिणं म्हणजे स्वतःविरुद्ध जबाब देणं. लिहील कोण? म्हणून आपल्याकडे पैशांआधी एक शासन निर्णय मागतोय: ज्याला हवं त्यानेच नाव नोंदवायचं, मेसेज एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाकडून जातील, आलेलं उत्तर प्राचार्य, पालक किंवा पोलीस यांपैकी कोणालाही दाखवलं जाणार नाही. मलाही नाही. प्रयोग दोन-चार वसतिगृहांत करा, एक सत्र चालवा, नाही जमलं तर बंद करा. रोज प्यायला लागलेल्या मुलाला मेसेजने काही होणार नाही, त्याला 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि डॉक्टरच लागतील. मी बोलतोय ते शनिवारी "बसायचं का?" म्हणणाऱ्यांबद्दल.

तो मुलगा आता थर्ड इयरला आहे. हे पत्र लिहिण्याआधी त्यालाच विचारलं, असा मेसेज आला तर उत्तर देशील? जरा घुटमळला. म्हणाला, "देईन सर. पण नंबर तुमचा नसला तर."

आपला,
एक रेक्टर, पुणे