सव्वादोन मिलिमीटरचं दुखणं

प्रिय दिग्या,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, फोनही उचलला नाही. शिव्या दे, पण आधी हे वाच. घरात कुणाला सांगायची सोय नाही. विज्याला सांगितलं तर म्हणाला, "मग रूळ जरा फाकव की!" त्या माणसाशी पुढे काय बोलायचं?

तब्येत ठीक. गुडघा जिथे होता तिथेच आहे.

तर अप्पांचं मॉडेल रेल्वेचं इंजिन शेवटी माझ्याकडे आलं. चाकं पुसून रुळावर ठेवलं आणि तुला पाठवायला म्हणून फोन रुळाच्या पातळीला टेकवून समोरून फोटो काढला. मोठा करून बघितला आणि मटकन बसलो. बाजूने एवढं राजबिंडं इंजिन, समोरून मात्र पहिलवान पोराच्या सायकलवर बसलाय! बफर जागच्या जागी, धुराडं बरोबर, आणि खाली रूळ पोटाशी ओढून घेतलेले.

आकडे तुला पाठ आहेत, तरी लिहितो, त्याशिवाय राग निवणार नाही. खऱ्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा मिलिमीटर. १:८७ च्या एचओ मापाचा हिशेब चोख. आपल्या ओओ या ब्रिटिश मापात बॉडी खऱ्या फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२, आणि रूळ तेच साडेसोळा. पाहिजेत १८.८३. उलटा गुणाकार कर, खरा रूळ भरतो चार फूट दीड इंच. चार फूट साडेआठ इंचांतले सात इंच गिळले लेकांनी, आणि ढेकरसुद्धा नाही!

तू लगेच म्हणशील, "मोटर!" मान्य. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने बारीक, कारण तिथले बोगदे आणि पूल अरुंद. तेव्हाच्या मोटरी साडेतीन मिलिमीटर स्केलच्या, म्हणजे एचओच्या, बॉयलरमध्ये मावेनात, म्हणून बॉडी फुगवली आणि रूळ तसेच ठेवले. १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो ही मॉडेल गाड्यांची मालिका त्याच मापात आली आणि मग मागे फिरणं कठीणच झालं. पण आता मोटर बोटाच्या पेराएवढी झाली, तरी आम्ही तेच दळण दळायचं? तू तेव्हाही म्हणायचास, "गाडी धावते ना? मग गप्प बस." त्यावरून मी महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो, आणि तुला ते कळलंही नव्हतं.

आता करायचं काय? पी-फोर नावाच्या मापात रूळ थेट १८.८३. पण तिथे क्रॉसिंगमध्ये, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, फ्लँज (चाकाची आतली कड) जायला फट जेमतेम ०.६८ मिलिमीटर. चाकांना स्प्रिंग किंवा कॉम्पेन्सेशन (धुरा वरखाली हलण्याची सोय) दिलं नाही तर रूळ जरा उंचसखल झाला की इंजिन आडवं. ते देवळातलं सोवळं, माझ्याच्याने होणार नाही. ईएम नावाच्या मापात रूळ १८.२, ते झेपेल. गंमत बघ, ईएमच्या चाकजोडीच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेसोळा. आपला अख्खा ओओ गेज त्यांच्या दोन चाकांच्या मधे मावतो. पण अप्पांच्या इंजिनाला सिलिंडर बाहेरून. चाकं मिलिमीटरभर बाहेर घेतली की पुढच्या चाकाची क्रँकपिन (दांडा जोडायची खुंटी) क्रॉसहेडला (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा सरकता ठोकळा) मागून घासणार. आत्ताच त्यांच्यामध्ये पोस्टकार्ड कसंबसं सरकतं. शिवाय सगळे पॉइंट (रुळाचे सांधे) हाताने नव्याने बांधायचे, आणि टोकाचं वळण एवढं आवळलेलं चालणार नाही.

तिसरा पंथ ऐक. ओओचीच चाकं, पण रूळ आणखी आत, १६.२! क्रॉसिंगमधली फट एक मिलिमीटरवर येते, चाक गचके खात नाही, धावतं झकास. रुंदी कमी म्हणून रडणाऱ्याला आणखी कमी करून गप्प बसवायचं! हे शोधणारा तुझाच चुलतभाऊ असणार.

घोळ सगळीकडेच आहे म्हणा. जपानी एन मापाची मॉडेलं बहुतेक १:१५०, रूळ नऊ मिलिमीटर; त्यांच्या खऱ्या १०६७ मिलिमीटरच्या रुळाला पाहिजेत ७.१. म्हणजे त्यांचं आपल्या उलट. अमेरिकन ओ माप ३२ मिलिमीटरच्या रुळावर १:४८, म्हणजे पाच फुटी रूळ. घे, तुझं भाषण मीच करून टाकलं.

मधे एक उद्योग केला. माझ्याकडच्या विकतच्या रुळाचे स्लीपर एचओच्या मापाचे, आखूड आणि दाटीवाटीने. एका तुकड्याचे मधले जोड ब्लेडने कापून स्लीपर फाकवले. बाजूने बघताना खरंच फरक पडतो. समोरून शून्य.

हो, मुलीचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

तर ठरवलंय असं: लेआउट उखडायचा नाही, अप्पांच्या इंजिनाला हात लावायचा नाही. हातभर फळी, एक पॉइंट, ईएममध्ये, आणि त्यावर आतल्या सिलिंडरचं सहा चाकी शंटिंग इंजिन. त्याला बाहेर घासायला काही नसतं, नुसते अ‍ॅक्सल आणि चाकं बदलली की बरंचसं काम झालं. तसं एक तुझ्या कपाटात धूळ खात पडलंय, मला माहीत आहे. नाही म्हणू नकोस, तू आठ वर्षांत ते रुळावर ठेवलेलं नाहीस.

आणि देणार नसशील तर निदान माझी व्हर्निअर परत कर. पॉइंट फुटपट्टीने बांधता येत नाहीत रे.

तुझा,
नंदू