विवर म्हटलं म्हणून भोक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कृष्णविवरांवरचा लेख वाचला. ‘कृष्णविवर आसपासचं सगळं ओढून घेतं’ आणि ‘प्रकाशापेक्षा वेगानं गेलं की भूतकाळात पोहोचता येईल’ ही दोन विधानं त्यात बिनदिक्कत छापली आहेत. एकट्या लेखकाला दोष देत नाही. निम्मा घोटाळा शब्दांनीच करून ठेवलाय.

विवर म्हटलं की डोळ्यांपुढे भोक येतं. मग ते पलीकडे कुठे उघडतं, हा प्रश्न ओघानंच आला. खरं तर ते कमालीचं दाटलेलं वस्तुमान. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं (त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल) तर पृथ्वी काळोखात गारठेल, पण तिची वर्षाची फेरी चुकणार नाही. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. एस-२ नावाचा तारा दर १६ वर्षांनी त्याच्या जवळून जातो आणि सुखरूप बाहेर पडतो.

प्रकाशाच्या वेगाला ‘वेगमर्यादा’ म्हणतात, त्या शब्दाचंही तेच. जबरदस्त इंजिन बसवलं की मोडता येईल, असं वाटतं. पण वेग वाढवावा तशी लागणारी ऊर्जा बेसुमार वाढते. प्रकाशाचा वेग गाठायला ती अनंत लागेल. २०११ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेहून ७३० किलोमीटरवर इटलीत पोहोचलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशाला ६० अब्जांश सेकंदांनी मागे टाकून आल्याचा गाजावाजा झाला होता. पुढच्याच वर्षी कळलं, एक ऑप्टिकल फायबर केबल नीट बसलेली नव्हती, म्हणून वेळेची मोजणीच चुकली होती. न्यूट्रिनो अजून सगळ्यांच्या लक्षात आहेत, केबल कुणाला आठवत नाही.

भविष्याकडचा कालप्रवास मात्र रोज चालू असतो. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावू पाहतात आणि तो फरक हिशेबात धरावाच लागतो. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो! मागे जाण्याचं म्हणाल, तर प्रकाशापेक्षा वेगवान संदेश शक्य असता तर कुणाच्या तरी दृष्टीनं परिणाम आधी आणि कारण नंतर घडलं असतं. भौतिकशास्त्राला ही अडचण वाटते. तुमच्या लेखानं तिची तिकीटखिडकी केली.

पुढच्या पुरवणीत चार ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. : त्याच लेखात ‘चार प्रकाशवर्षांपूर्वी’ असं छापलं आहे. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.